पानाचे दप्तर उघडे कसे झाले

गोंदियाजवळचे कामठा हे जुन्या मध्यप्रांतातील एका मोठ्या जमीनदारीचे ठाणे. 1818 च्या धामधुमीत तेथील चिमणा पटेलांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तो मोडल्यावर जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली, आणि 1951 च्या मार्चअखेर कायद्यानेच ती संपुष्टात आली. दप्तर ज्याच्या ताब्यात त्याचा अंमल, ही गोष्ट अशा गावात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. संकेतस्थळांच्या जगात मात्र पानाचे दप्तर, म्हणजे त्याचा मूळ मजकूर, आरंभापासून वाचणाऱ्याच्याच हाती पडत आले, आणि नवशिक्या आरेखकाच्या ब्राउझरमध्ये आज जी साधने दिसतात त्यांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी 1990 साली रचलेला पहिला ब्राउझर पाने दाखवीत असे तशीच ती लिहूही देत असे. वाचक आणि लेखक ही दोन माणसे त्यांनी मानलीच नव्हती. पुढे 30 एप्रिल 1993 रोजी सर्न या संस्थेने वेबचे हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले, आणि त्याच वर्षी लोकप्रिय झालेल्या मोझॅक ब्राउझरमध्ये लेखनाची सोय मागे पडली तरी पानाचा मूळ मजकूर उघडून पाहण्याची सोय राहिली. शाळा नाही, गुरू नाही, छापील पुस्तक दुर्मीळ, अशा काळात असंख्य लोकांनी ही विद्या दुसऱ्याचे पान उघडून, त्यातील खुणा उतरवून घेऊन आत्मसात केली. भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू झाल्यावर येथेही शिकण्याचा तोच राजमार्ग ठरला.

तथापि जावास्क्रिप्टचा वापर वाढला तसे हे साधन अपुरे पडू लागले. कारण सर्व्हरकडून आलेला मजकूर आणि ब्राउझरने त्यावरून उभारलेली, क्षणोक्षणी बदलणारी रचना या दोन निराळ्या वस्तू झाल्या. ती जिवंत रचना पाहण्यासाठी जो ह्युइट यांनी मोझिला ब्राउझरकरिता डॉम इन्स्पेक्टर लिहिला, आणि 2003 साली ख्रिस पेडरिक यांनी वेब डेव्हलपर नावाची साधनपट्टी दिली, जिच्यातून चित्रे झाकणे, शैली काढून टाकणे, चौकटींच्या कडा रंगविणे अशी कामे एका टिचकीने होत.

परंतु या कुळातील खरा कर्ता पुरुष म्हणजे फायरबग हे ब्राउझरला जोडण्याचे पूरक साधन, आणि 2006 च्या जानेवारीत ते प्रसिद्ध करणारे पुन्हा ह्युइटच. शीर्षकावर बाण नेला की त्याभोवती चौकट उमटे, शेजारी त्याला लागू असलेले शैलीचे नियम क्रमवार दिसत, कोणता नियम कोणाकडून रद्द झाला ते त्यावरील रेघेने कळे, आणि एखादा आकडा तेथेच बदलला की पान तत्काळ बदले. चूक असल्याची शंका आणि तिची परीक्षा यांतील अंतर याने जवळजवळ नाहीसे केले. माझ्या मते वेबच्या शिक्षणावर याहून मोठा उपकार दुसऱ्या कोणत्या पूरक साधनाने केलेला नाही. पुढे संगणकावरील सर्व प्रमुख ब्राउझरांनी अशी साधने स्वतःच्या अंगातच सामावून घेतली, आणि 2017 साली फायरबगचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

मराठी वाचकाला या कुळातील आणखी एका साधनाचे ऋण मान्य केले पाहिजे. वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खाजगी फाँटांत कोंडलेली होती, तेव्हा नागार्जुन वेन्ना यांचे पद्मा हे पूरक साधन, जे तेलुगूपासून आरंभ करून देवनागरीपर्यंत आले, तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून वाचता येईल असा करी. आज युनिकोड स्थिरावला असला तरी देवनागरीची दुखणी वेगळीच आहेत. इंग्रजी नमुन्यावरून उचललेल्या शैलीत अक्षरांमधील अंतर वाढविणारा नियम असला की मराठी शीर्षकाची शिरोरेषा जागोजाग तुटते, आणि ओळीची उंची तोकडी ठेवली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. तपासणीच्या पट्टीत त्या पहिल्या नियमाची खूण काढली की रेषा सांधते. कारण शोधण्यात दिवस घालवावा लागत नाही.

मला एका गोष्टीचे मनापासून वाईट वाटते. कामठ्यासारख्या गावातील ज्या मुलाजवळ मोबाइल हेच एकमेव यंत्र असेल, त्याच्या फोनवरील क्रोममध्ये ही तपासणी नाही. त्यासाठी फोन संगणकाला जोडावा लागतो. पत्त्याच्या आधी ‘व्ह्यू-सोर्स’ आणि अपूर्णविराम इंग्रजी अक्षरांत लिहिल्यास मूळ मजकूर तेवढा दिसतो. पण स्टीव्ह कँगस यांनी 1998 च्या सुमारास जिला बुकमार्कलेट हे नाव दिले ती जुनी युक्ती येथे उपयोगी पडते: बुकमार्कमध्ये साठविलेल्या जावास्क्रिप्टच्या ओळीने इरूडा हे मुक्त साधन चालू पानातच उघडते, आणि घटक, त्यांचे नियम व चुकांच्या नोंदी फोनच्या पडद्यावरच वाचता येतात. काही संकेतस्थळे बाहेरची आज्ञावली चालू देत नाहीत, तेथे इलाज नाही. स्वतः रचलेल्या पानावर मात्र तशी आडकाठी घालणारे कोणी नसते.