टाकीखालचा जोड

बीएमडब्ल्यूच्या के १२०० आणि आर ११५० या घराण्यांतल्या मोटारसायकलींची पेट्रोल टाकी उचलली, की खाली अंगठ्याएवढे दोन प्लास्टिकचे जोड दिसतात. एक पंपाकडून इंजेक्टरकडे जाणाऱ्या पाइपवर, दुसरा उरलेले पेट्रोल टाकीत परत आणणाऱ्या पाइपवर. खटका दाबला की जोड सुटतो, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या झडपा आपोआप मिटतात आणि पेट्रोल सांडत नाही. निदान तशी योजना होती. प्रत्यक्षात गाडी काही वर्षांची झाली की हे जोड टाकी काढताना तुटू लागले. न तुटलेले झिरपू लागले. मग मालकांनी आणि छोट्या गॅरेजवाल्यांनी त्याच मापाचे, क्रोम चढवलेले पितळी जोड आणून बसवले. औद्योगिक नळ्यांसाठी ते बाजारात आधीपासूनच मिळत होते. वीस-पंचवीस वर्षांत हा बदल इतका रुळला, की जुनी गाडी विकत घेणारा ‘जोड धातूचे केलेत का?’ हे आधी विचारतो. या रिवाजाचा सरळ अर्थ असा लावला जातो की प्लास्टिक वाईट आणि धातू चांगला. तो अर्थ मला अपुरा वाटतो. मालकांचा निर्णय बरोबर होता, पण त्याचे कारण पदार्थाच्या जातीत नव्हते. त्या जोडाकडून कोणते काम अपेक्षित होते, यात ते होते.

धातूचा काळ निर्दोष होता असे मानायला इतिहासात आधार नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने खाली येई आणि मध्ये असे पेट्रोल कॉक. ब्रिटिश मोटारसायकलींवर अनेक दशके पितळी कॉक होते. त्यांच्या आत पेट्रोल अडवण्याचे काम मात्र बुचाच्या लाकडाचा तुकडा करी. टाकी काही महिने कोरडी राहिली की बूच आक्रसे, आणि पुन्हा पेट्रोल भरल्यावर तोच भक्कम पितळी कॉक थेंब थेंब गळू लागे. कार्ब्युरेटरमधला फ्लोटही एके काळी पितळी पत्र्याचा, डाख देऊन बंद केलेला असे. डाखाला बारीक चीर पडली की आत पेट्रोल शिरे, फ्लोट बुडे आणि कार्ब्युरेटर ओसंडून वाही. फ्लोट प्लास्टिकचे झाले त्यामागे हा खरा त्रास होता. कार्ब्युरेटरचे शरीर आणि स्वस्त कॉक जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असत. त्यांत पाणी साचले की पांढरी भुकटी धरे आणि जेट तुंबत. गळती धातूच्या युगातही होती, आणि ती बहुतेक वेळा जिथे दोन वेगळे पदार्थ एकमेकांना भेटतात त्या सांध्यातच होती.

इंजेक्शनने बदल घडवला तो दाबाचा. टाकीतल्या पेट्रोलची पातळी कॉकच्या तीस सेंटीमीटर वर असली, तर कॉकवर पडणारा दाब सुमारे ०.०२ बार भरतो. इतक्या दाबाला साधा रबरी पाइप आणि तारेची क्लिपही पुरते. १९८० साली कावासाकीने इंजेक्शनची झेड १००० एच बाजारात आणली आणि १९८३ साली बीएमडब्ल्यूने के १०० आणली. १९९३च्या आर ११०० आरएसपासून बीएमडब्ल्यूची बॉक्सर इंजिनेही इंजेक्शनवर गेली. या पद्धतीत विजेवर चालणारा पंप पेट्रोल सुमारे ३ बार दाबाने रेटतो, म्हणजे आधीच्या सव्वाशे ते दीडशे पट. कॉक गळला तर खाली ओघळ दिसे, वास येई, माणूस गाडी थांबवून पाही. ३ बार दाबाचा पाइप सुटला तर पेट्रोलचा फवारा उडतो, आणि चालवणाऱ्याच्या गुडघ्यांमध्ये तापलेले इंजिन असते. शिवाय टाकी आता वरचेवर काढावी लागू लागली. तिच्याखाली एअर बॉक्स, वायरिंग, ब्रेकच्या नळ्या असे बरेच काही दाटीने बसले होते. टाकी भरलेली असतानाही झटकन सुटणारा आणि सुटताना स्वतःच बंद होणारा जोड ही खरी गरज होती. ती कुणी काटकसरीपोटी कल्पिलेली नव्हती.

असे जोड ज्या पदार्थाचे करतात त्या अ‍ॅसिटलचा पूर्वेतिहासही चांगला आहे. हरमान स्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात त्याच्या रेणूंच्या साखळ्यांचा अभ्यास केला होता. पण तापवल्यावर त्या साखळ्या टोकापासून उसवत जात, म्हणून वापराचा माल तयार होत नव्हता. ड्यूपॉन्टच्या रसायनशास्त्रज्ञांनी साखळ्यांची टोके बंद करण्याची रीत शोधली, आणि १९६० साली तो डेलरिन या नावाने बाजारात आला. तो कठीण, गुळगुळीत, पाणी फारसे न शोषणारा आणि पेट्रोलला दाद न देणारा आहे. गियर, बुशिंग, झडपा अशा असंख्य ठिकाणी त्याने पितळाची जागा घेतली आणि तिथे तो टिकला. पण त्याचा एक दोष इथे नेमका महत्त्वाचा. जिथे खाच आहे किंवा जाडी एकदम बदलते, तिथे आडवा जोर आला की तो वाकत नाही, फुटतो. सतत उष्णता आणि ताण सोसल्यावर हा ठिसूळपणा वाढतो. जोडाच्या नराला, म्हणजे मादीत शिरणाऱ्या भागाला, ओ-रिंगसाठी (गळती अडवणाऱ्या रबरी कडीसाठी) खाच असतेच, आणि पाइप घट्ट धरायला दातेरी कडाही असतात. ज्या आकाराची या पदार्थाला सर्वांत जास्त भीती, तोच आकार त्याला दिला गेला.

या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा तुटण्याच्या वेळेत आहे. हे जोड पुष्कळदा रस्त्यावर धावताना तुटले नाहीत, टाकी काढताना किंवा बसवताना तुटले. पाइप उष्णतेने कडक झालेला, हात जेमतेम शिरेल एवढीच जागा, मेकॅनिक खटका दाबून ओढतो तो थोडा तिरका, आणि नराचा शेंडा मादीतच राहतो. दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून बसवलेला भाग दुरुस्तीच्याच वेळी मोडू लागला. कुठल्याही यंत्राच्या रचनेत याहून गंभीर चूक मला दिसत नाही, कारण ती माणसाला यंत्र उघडायलाच घाबरवते. टाकीखालची तपासणी मग लांबणीवर पडते आणि तेवढ्या काळात ओ-रिंग आणखी कडक होते.

यावर असा आक्षेप येतो की हा दोष हाताळणीचा आहे. जोड सरळ ओढला, ओ-रिंग वेळच्या वेळी बदलली, तिला थोडे वंगण लावले, तर प्लास्टिकचे जोडही चालतात. ही गोष्ट खरी आहे आणि अनेक गाड्यांवर ते चाललेही. पण जो भाग वारंवार उघडायचा म्हणूनच बनवला आहे, तो साध्या गॅरेजमधल्या साध्या हाताला झेपलाच पाहिजे. तिरका ओढला जाणे हा अपघात नव्हे, त्या अडचणीच्या जागेतला नेहमीचा वापर आहे. इंग्लंडमधल्या हिंकलीच्या ट्रायम्फ मोटारसायकलींच्या टाकीखालचे प्लास्टिकचे जोडही असेच तुटण्याबद्दल मालकांमध्ये परिचित झाले, आणि तिथेही धातूचे पर्याय विकले जाऊ लागले. देश वेगळा, कारखाना वेगळा आणि मोडण्याची तऱ्हा तीच असेल, तर मेकॅनिकच्या हाताला दोष देणे टिकत नाही. कारखाना नव्या जोडाची परीक्षा घेतो आणि त्या परीक्षेत अ‍ॅसिटल उत्तम उतरते. मालकाच्या हाती तोच जोड बाराव्या वर्षी येतो, त्या वर्षाची जबाबदारी कारखान्याच्या हिशेबात नसते.

याच पदार्थाची मोटारसायकलीबाहेरची एक हकिगत इथे सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून लाखो घरांत पॉलिब्युटिलीनच्या पाण्याच्या नळ्या टाकल्या गेल्या आणि त्यांचे सांधे अ‍ॅसिटलचे होते. पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते सांधे हळूहळू खाल्ले, भिंतींच्या आत गळत्या सुरू झाल्या, आणि १९९५च्या कॉक्स विरुद्ध शेल खटल्यातली तडजोड ९५ कोटी डॉलरपर्यंत गेली. तिथेही सांधे तांब्या-पितळेचे झाले. पण पुढे दुसऱ्या प्रकारच्या नळ्यांवर जस्ताचे प्रमाण जास्त असलेले पिवळे पितळ वापरले गेले, तेव्हा पाण्याने त्यातले जस्त ओढून घेतले आणि ते सांधेही ठिसूळ झाले. पितळ म्हटले की प्रश्न मिटला, असे प्लंबरसुद्धा म्हणू शकला नाही.

पेट्रोलच्या बाबतीत प्लास्टिकची बाजूही पुरती ऐकली पाहिजे. पॅरिस-डकारसारख्या वाळवंटी शर्यतींत आणि एन्ड्युरोत पॉलिइथिलीनच्या टाक्या रुळल्या, कारण पडल्यावर पत्र्याची टाकी चेपते किंवा शिवणीत फाटते आणि ही टाकी दबून पुन्हा आकार धरते. तिथे प्लास्टिकचा लवचिकपणा हाच गुण ठरला. उलट १९७४च्या डुकाटी ७५० सुपर स्पोर्टची फायबरग्लासची टाकी आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलात आतून विरघळू लागते. नव्या शतकातल्या काही डुकाटी गाड्यांच्या नायलॉनच्या टाक्या त्याच इंधनाने फुगल्या आणि बैठकीवर घट्ट बसेनाशा झाल्या. अमेरिकेत त्यावर न्यायालयात तडजोड झाली. प्लास्टिक या एका नावाखाली इतके निरनिराळे स्वभाव आहेत, की त्या नावाने कुणाला सरसकट दोषी ठरवणे अन्यायाचे आहे.

इथेनॉलमुळे हा विषय महाराष्ट्राच्या दारात येतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली सुरू झाले, त्यांत मिरज आणि मनमाड होते. साखर कारखान्यांच्या मुलखाला हे साजेसेच होते. जानेवारी २००३पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण आले, २०२२मध्ये देशाने १० टक्के गाठले आणि २०२३पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. ती फार झाली की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि तळाशी लोखंडी पत्रा, जस्ताचा कॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचे भाग असतात. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही जुळणाऱ्या पदार्थांची गाडी आणि जुळवून घेतलेले इंजिन या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या होत्या. म्हणून आपल्याकडच्या जुन्या गाडीवर ‘सगळे धातूचे करून टाका’ हा सल्ला अर्धवट आहे. जस्ताच्या जागी निकेल किंवा क्रोम चढवलेले पितळ घातले तर लाभ आहे. पितळाच्या आत कोणते रबर आहे ते न पाहता जोड घेतला तर नाही. ईपीडीएम रबराची रिंग पाण्याच्या नळीला चालते, पेट्रोलात ती फुगते. फ्लुरोकार्बन रबराची, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत व्हायटॉनची रिंग, इथेनॉलसकट पेट्रोल सोसते. बाहेरून दोन्ही काळ्याच दिसू शकतात.

पितळी जोडांनी बीएमडब्ल्यूच्या त्या गाड्यांवरचा त्रास थांबवला तो तिरका जोर सोसून. खाचेपाशी पितळ फुटत नाही, फार तर वाकते, आणि वाकलेले डोळ्यांना दिसते. पण जो जोर पूर्वी जोडात संपे तो आता पुढे जातो. पाइपचे दुसरे टोक जिथे पोचते, तिथेही प्लास्टिक असू शकते. याच कंपनीच्या नंतरच्या पिढीत टाकीवरच्या पंपाच्या प्लास्टिक फ्लॅन्जला चिरा जाऊन पेट्रोल झिरपू लागले. तिथे कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि फ्लॅन्जला आधाराची कडी बसवली गेली. म्हणून पितळी जोड बसवणारा जाणता मेकॅनिक जोड लावून थांबत नाही. तो पाइपला टाकीच्या कडेशी आधार देतो, पाइप पुरेसा लांब आणि मऊ आहे ना हे पाहतो, आणि पंप काही सेकंद चालवून दाबाखाली प्रत्येक सांध्यावरून कोरडे फडके फिरवतो.