पान्यावरची अक्षरे

नाणेघाटातला लेख असो, एखादा ताम्रपट असो, की शेतात नांगराला लागलेले नाणे असो. त्यावरची अक्षरे वाचून काळ कसा ठरवतात, हे शिक्षकमंडळींना नव्याने सांगायला नको. मी आज तुमच्याशी ज्या लेखांविषयी बोलणार आहे, ते मात्र दगडावर नाहीत की तांब्यावर नाहीत. ते आहेत मोटारदुरुस्तीच्या पान्यांवर. हसू नका. ट्रॅक्टरच्या आसनाखालच्या डब्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेला एखादा जुना पाना काढा, रॉकेलने पुसा आणि उन्हात तिरका धरा. काही ना काही लिहिलेले दिसेल. एखादे नाव, एखादा अंक, कधी नुसते एक अक्षर. ते वाचता आले, तर तो पाना कोणत्या देशातला, साधारण कोणत्या वर्षांतला आणि कोणत्या जातीच्या यंत्रासाठी घडवलेला, हे बरेचसे कळते. अमेरिकेत आणि इंग्लंडात असे पाने जमवणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. आपल्याकडे ते पुण्याच्या जुन्या बाजारात नाहीतर मुंबईच्या चोरबाजारात भंगार म्हणून किलोवर जातात.

सुरुवात अमेरिकेपासून करू, कारण मोटारीच्या पान्यांचा खरा सुकाळ तिथे झाला. फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९०८ साली निघाली आणि १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या तयार झाल्या. घेणारे पुष्कळसे शेतकरी. जवळपास गॅरेज कुठले! गाडी बिघडली की मालकानेच ती उघडायची. म्हणून गाडीबरोबरच स्पार्क प्लगचा पाना, चाकाच्या टोपीचा पाना, स्क्रू पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर अशी हत्यारे मिळत. त्यांवर फोर्डचे नाव वळणदार लिपीत असे. हे पाने इतके निघाले की आजही ते दुर्मिळ नाहीत.

आता यातली एक गंमत पाहा. फोर्डच्या एका पान्यावर 'टी-१९१७' असे उठवलेले असते. ते वाचून पुष्कळांना वाटते, हा १९१७ सालचा पाना. तो अंक सालाचा नव्हे, सुट्या भागाच्या यादीतला क्रमांक आहे. देवळातल्या घंटेवरचे वजन वाचून ते शकाचे वर्ष समजावे, तशातला हा प्रकार. पान्यावर चार आकडी संख्या दिसली की आधी तिच्याकडे संशयाने पाहावे, एवढे लक्षात ठेवा.

आणि फोर्डचे नाव असले तरी पाना फोर्डने घडवला असेलच असे नाही. मोटार कंपन्या ही कामे बाहेरच्या कारखान्यांना देत. क्लीव्हलंड शहरात व्ल्चेक नावाचा एक मोठा हत्यार कारखाना होता. त्याचा मालक फ्रँक व्ल्चेक हा बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, अमेरिकेत आलेला लोहार. ऐरणीवर काम करणारा हा माणूस पुढे मोटारींबरोबरच्या हत्यारांच्या पेट्या पुरवू लागला. गाडी विकत घेणाऱ्याने त्याचे नाव कधी ऐकलेही नसेल.

काळ ठरवायला सर्वांत उपयोगी पडते ती पेटंटची खूण. अमेरिकेत जुन्या नियमाप्रमाणे वस्तूवर पेटंट मिळाल्याची तारीख घालावी लागे. १९२७ च्या कायद्याने तारखेऐवजी क्रमांक घालायचे ठरले. म्हणजे नुसती तारीख असलेला पाना बहुधा त्या सुमाराच्या आधीचा. क्रमांक असेल तर आणखी सोपे. दहा लाखावे पेटंट ८ ऑगस्ट १९११ रोजी दिले गेले आणि वीस लाखावे ३० एप्रिल १९३५ रोजी. तेव्हा पान्यावरचा क्रमांक पंधरा लाखांच्या घरात असला, तर तो या दोन तारखांच्या मधला. या तारखांना आणखी एक गंमतीचा नियम आहे. तिथे पेटंटे मंगळवारीच दिली जातात. वर दिलेल्या दोन्ही तारखा मोजून पाहा, मंगळवारच निघेल. अर्धवट पुसलेल्या तारखेत ३ की ८ अशी शंका आली, तर जुन्या पंचांगाकडे पाहायचे. ज्या दिवशी मंगळवार, तो अंक खरा. मुलांना वार काढण्याचे गणित शिकवायला यापेक्षा चांगले निमित्त मला माहीत नाही.

पण सावधपणा इथेही हवा. पेटंटची तारीख ही शोधाची तारीख आहे, पाना घडवल्याची नव्हे. पेटंट सतरा वर्षे चाले आणि तेवढी वर्षे, कधी त्यानंतरही, तोच ठसा वापरीत. म्हणून १९११ ची तारीख एवढेच सांगते की हा पाना १९११ च्या आधीचा नाही. आधीचा नाही आणि अमक्या साली घडवला, या दोन वाक्यांत जे अंतर आहे, ते पुष्कळसे संग्राहक विसरतात. काही इतिहासकारही विसरतात, पण ते असो.

पेटंटची नोंद आणि ऐकीव गोष्ट यांचा झगडा कसा लागतो, त्याचा एक मासला सांगतो. जाड जबड्याच्या जुन्या स्क्रू पान्याला इंग्रजीत मंकी रेंच म्हणतात. जॅक जॉन्सन हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा १९०८ ते १९१५ पर्यंत जगज्जेता होता. त्यानेच हा पाना शोधला आणि गोऱ्यांनी त्याला हिणवण्यासाठी मंकी, म्हणजे माकड, हे नाव दिले, अशी कथा फार पसरली आहे. कथेचा अर्धा भाग खरा आहे. जॉन्सनला एका पान्याचे पेटंट १८ एप्रिल १९२२ रोजी मिळाले. (वार? मंगळवार.) पण त्याचा पाना वेगळा होता. मंकी रेंच हा शब्द तर जॉन्सन १८७८ साली जन्मला त्याच्या आधीपासून छापील मजकुरात आढळतो, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरिंग कोज याला तशा स्क्रू पान्याचे पेटंट १८४१ सालीच मिळाले होते. जॉन्सनवर त्याच्या देशात अन्याय झाला, यात शंका नाही. १९१३ साली वर्णद्वेषाने त्याला शिक्षा ठोठावण्यात आली आणि अधिकृत माफी मिळायला २०१८ साल उजाडले. खरी गोष्ट एवढी मोठी असताना तिला खोटी जोड कशाला हवी? उलट खोटी कथा उघडी पडली की ऐकणारा खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवीनासा होतो.

आता मापांकडे वळू. हा भाग थोडा किचकट आहे, पण आपल्या गॅरेजातल्या मिस्त्रींच्या रोजच्या अनुभवाचा आहे. पान्यावरचा अंक कशाचे माप सांगतो? तुम्ही म्हणाल, पान्याच्या तोंडाचे. नेहमी नाही! इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली बोल्टच्या आट्यांचे प्रमाण ठरवले. त्या पद्धतीच्या पान्यावर तोंडाचे माप नसून बोल्टच्या जाडीचे माप असते. '१/४ डब्ल्यू' लिहिलेला पाना मोजा, त्याचे तोंड पाव इंच नसून ०.५२५ इंच, म्हणजे अर्ध्या इंचाहून थोडे जास्तच भरते. अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ साली निराळे प्रमाण मांडले; त्यात अर्ध्या इंचाच्या बोल्टला ७/८ इंचाचा नट येई. रेल्वेला आणि गिरण्यांना ते ठीक होते. मोटार मात्र हलकी हवी आणि ती सतत हादरणारी, म्हणून मोटारवाल्या इंजिनियरांनी बारीक आट्यांचे आणि लहान डोक्यांचे नट घेतले. त्यांच्या प्रमाणात त्याच अर्ध्या इंचाच्या बोल्टला ३/४ इंचाचा नट आला. पुढे पान्यांवर नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर लिहिण्याची रीत पडली.

हे सारे भांडण आपल्याकडे आयते आले. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, तेव्हा अमेरिकन मापे आली. दुसऱ्या महायुद्धात जीप आल्या आणि १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जीप जोडायला घेतल्या, मापे तीच. इंग्रजी मोटारसायकली व्हिटवर्थच्या घराण्यातल्या, आणि १९५५ पासून मद्रासेत बनू लागलेल्या बुलेटनेही तेच घराणे पुढे चालवले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० येऊ लागली, ती इटालियन, तिचे नट मिलिमीटरचे. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला. त्यामुळे आपल्या मिस्त्रीला तीन-तीन घराण्यांचे पाने बाळगावे लागले, आणि बोलण्यात तो अजून 'चार सुती पाना' म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. व्हिटवर्थच्या त्या ०.५२५ इंचाच्या नटाला अर्ध्या इंचाचा पाना लागत नाही, आणि तेरा मिलिमीटरचाही जेमतेम ०.५१२ इंच, म्हणजे तोही बसत नाही. मग चौदाचा घालायचा आणि नटाचे कोपरे गोल करायचे, असे किती वेळा झाले असेल! म्हणून जुन्या पेटीत तिन्ही घराण्यांचे पाने एकत्र सापडले, तर ती पेटी कोणाच्या हाताखालून गेली आणि त्याने कोणकोणती यंत्रे उघडली, याचा तो दाखलाच समजा.

धातूचा मुलामाही बोलतो. क्रोमचा निळसर चकचकीत मुलामा बाजारी वस्तूंवर १९२० नंतरच्या दशकात आला. त्याआधी काळा रंग नाहीतर किंचित पिवळट झाकीचे निकेल. अमेरिकन पान्यांवर १९४२ ते १९४५ या काळात क्रोम बहुधा दिसत नाही, कारण क्रोम आणि निकेल लढाईच्या कामाला राखून ठेवले होते. 'ऑक्युपाइड जपान' असे शब्द असले, तर जपान अमेरिकनांच्या ताब्यात असतानाचा, १९५२ पर्यंतचा माल. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ नंतरचा. चौफुली खाचेचा स्क्रू ड्रायव्हर फिलिप्सच्या १९३६ च्या पेटंटाआधीचा असणे कठीण. मिलवॉकीत १९२० साली निघालेल्या स्नॅप-ऑन कंपनीने तर पुढे प्रत्येक वर्षाला एक खूण ठरवली आणि ती गोट्यांवर, दांड्यांवर उठवली. असे सगळ्यांनी केले असते तर आपले काम संपलेच असते.

नावांच्या बाबतीत एक मजेदार खटला आहे. लॉस एंजेलिसला १९०७ साली प्लोम्ब नावाची हत्यार कंपनी निघाली. फिलाडेल्फियात फेयेट प्लंब यांची हातोडे-कुऱ्हाडींची कंपनी आधीपासून होती. पश्चिमेकडच्या कंपनीने आपल्या पान्यांवर नाव घालताना मधल्या अक्षराच्या जागी रोमन शिलालेखासारखा व्ही घातला, आणि ते वाचताना प्लंबच वाटू लागले. १९४६ साली प्रकरण कोर्टात गेले. शेवटी १९४८ साली पश्चिमेकडच्या कंपनीने प्रोटो हे नवे नाव घेतले. तेव्हा व्हीचे नाव असलेला पाना त्या सालाआधीचा, फार तर जुने ठसे संपेपर्यंतचा.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला, ती. सिअर्स या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसंस्थेने १९२७ साली क्राफ्ट्समन हे नाव घेतले. त्या नावाची हत्यारे ती विकी, पण स्वतः घडवीत नसे. म्हणून क्राफ्ट्समनच्या जुन्या पान्यावर कोपऱ्यात बारीकसे व्ही अक्षर शोधायचे. ते स्प्रिंगफील्डच्या मूर ड्रॉप फोर्जिंग या कारखान्याची खूण. म्हणजे मोठ्या अक्षरांत विकणारा, बारीक अक्षरात घडवणारा. आणि कल्पना ज्याची? त्याचे अक्षरच नाही.

सिअर्सच्या गार्डनर गावच्या दुकानात पीटर रॉबर्ट्स नावाचा अठरा वर्षांचा नोकर होता. रॅचेटच्या दांड्यावर बसवलेली गोटी तेलकट हातांनी उपसून काढणे किती त्रासाचे असते, हे मिस्त्रींना विचारा. १९६३ साली या मुलाने अशी युक्ती काढली, की अंगठ्याने बटण दाबले की गोटी आपोआप सुटावी. १९६५ साली पेटंट मिळाले. सिअर्सने त्याला या शोधात फारसा दम नाही असे भासवून दहा हजार डॉलरवर हक्क घेतले आणि मग ते पाने लाखांनी विकले. रॉबर्ट्सने दावा लावला. फसवणूक झाली असा कौल शिकागोच्या कोर्टात पंचांनी दिला आणि दहा लाख डॉलर देवविले. पेटंटचा झगडा त्यापुढेही चालला आणि १९८९ साली तडजोडीने मिटला. ब्याऐंशी लाख डॉलर मिळाले. तेव्हा रॉबर्ट्सने चाळिशी ओलांडली होती. त्या काळातला क्राफ्ट्समनचा रॅचेट पाहा. बटण आहे, नाव नाही.

नाव कसे वाहत जाते, याचे एक आपल्या दाराशी असलेले उदाहरणही देतो. आजच्या सुटसुटीत स्क्रू पान्याची घडण योहान पेटर योहान्सन या स्वीडिश माणसाने १८९० नंतरच्या दोन वर्षांत बसवली. त्याची हत्यारे बी. ए. ह्योर्ट या व्यापाऱ्याच्या कंपनीने जगभर नेली, आणि त्या कंपनीच्या आद्याक्षरांवरून बाहको हे नाव झाले. इथेही व्यापाऱ्याचे नाव उरले. नाशिकला १९६५ साली स्थापन झालेल्या तापडिया टूल्सने १९६९ पासून हत्यारे काढायला सुरुवात केली, तीही एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने. आपल्या गावातल्या सायकलवाल्याकडचा स्क्रू पाना या दूरच्या वंशावळीतला आहे.

जुना पाना हाती लागला तर एकच विनंती. त्याला ग्राइंडरवर किंवा सँडपेपरवर धरू नका. गंजाबरोबर अक्षरे जातात, आणि मुलामा गेला की अर्धा पुरावा जातो. रात्रभर रॉकेलात बुडवून ठेवा, पितळी तारांच्या ब्रशाने हलकेच घासा, अक्षरांवर खडू चोळून वरचा पुसून टाका. पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी फिरवली तर ठसा कागदावर उतरतो, जसा मुले नाण्याचा उतरवतात. ठशाखाली तोंडाचे माप लिहा, पाना कोणाकडून आणि कोणत्या गाडीच्या पेटीतून मिळाला ते लिहा. ही शेवटची ओळ आजच लिहून घ्या. बाकीचे पान्यावर राहील, पण ज्या मिस्त्रीने तो तीस वर्षे वापरला त्याचे नाव पान्यावर नसते.