करार : एका शब्दाचा माग

उदगीरच्या तहसील कचेरीसमोर बसून गेली २८ वर्षे मी दस्त लिहितो. भाडेकरार, बटईचा करार, वाटणीपत्र, मृत्युपत्र. लातूरला गंजगोलाईजवळच्या रद्दीत एकदा कव्हर फाटलेले लहानसे पुस्तक हाती आले. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘नवा करार’. कायद्याचे जुने पुस्तक असेल म्हणून घेतले. घरी येऊन उघडले तर मत्तय, मार्क, लूक, योहान! मी ख्रिस्ती नाही आणि पाद्री-पंडितांच्या शाळेतही गेलेलो नाही. पण धर्मग्रंथाला आमच्या धंद्यातले नाव का, हा प्रश्न डोक्यातून जाईना. पुढचा सगळा उद्योग त्यातून झाला.

आधी जुजबी माहिती. बायबल हे एक पुस्तक नसून पुस्तकांची पेटी आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत जुन्या करारात ३९ आणि नव्यात २७, अशी ६६ पुस्तके. कॅथलिकांच्या बायबलात ७३. जुना करार मुळात यहुद्यांचा, बहुतांश हिब्रू भाषेतला, नवा ग्रीक. नव्या करारात आधी येशूची चार चरित्रे आणि मग पौलाची पत्रे येतात. पण लिहिली गेली ती पौलाची पत्रे आधी. पानांचा क्रम म्हणजे काळाचा क्रम नव्हे, हे कळायला मला वर्ष लागले.

आमच्या भागात एक सोय आहे. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड आणि निजामी राजवटीमुळे उर्दू सगळीकडे. मी त्या त्या भाषेतली बायबलची नावे गोळा केली. तेलुगूत ‘निबंधन’, कन्नडमध्ये ‘ओडंबडिके’, उर्दूत ‘अहदनामा’. तिघांचाही रोख आमच्या ‘करारा’कडेच. हिंदीत मात्र ‘नियम’. नियम वरून येतो, त्याला दुसऱ्या पक्षाची संमती लागत नाही. दस्तलेखकाला हा फरक सांगावा लागत नाही.

मराठीत पहिले नाव करार नव्हते. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. त्यांनी बायबलचे दोन भाग ओवीत गुंफले आणि त्यांना ‘पैलें पुराण’, ‘दुसरें पुराण’ म्हटले. पुराण ऐकायची सवय असलेल्या श्रोत्याला याहून ओळखीचे दार कोणते असणार? त्यानंतर जवळजवळ दोन शतकांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने मराठी भाषांतर केले. १८११ मध्ये नवा करार मोडी टायपात निघाला. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ साली नवा करार आणि १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आणले. पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी एकटीने सारे बायबल उतरवले. १९२२ साली त्या गेल्या. ग्रंथ पुढे १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती छापखान्यातून बाहेर पडला.

पुराणाचा करार झाला, तेव्हा गोडवा गेला हे खरे. पण मुळाशी जाऊन पाहिल्यावर माझे मत बदलले. हिब्रू शब्द आहे ‘बेरीथ’. गंमत म्हणजे हिब्रूत बेरीथ ‘करत’ नाहीत, ‘कापतात’. जनावर दुभंगून ठेवायचे आणि त्या दोन तुकड्यांमधून चालत जायचे. शब्द मोडला तर माझेही असेच होवो, हा त्याचा अर्थ. मराठीत करार कापला किंवा तोडला म्हटले की नेमके उलटे होते! पुढे ग्रीक भाषांतरकारांनी ‘दिआथेके’ हा शब्द निवडला. व्यवहारात त्याचा अर्थ मृत्युपत्र. बरोबरीच्या दोन पक्षांच्या तहाला ग्रीकमध्ये वेगळा शब्द होता, तो त्यांनी टाळला. एक पक्ष देव असताना बरोबरी कसली, असा त्यांचा विचार असावा, असे अभ्यासक म्हणतात. इंग्रजीतला ‘टेस्टामेंट’ लॅटिनमार्गे याच मृत्युपत्राचा वारस.

मराठी भाषांतरकारांची खरी पंचाईत झाली ती इब्री लोकांस पत्राच्या ९ व्या अध्यायात. तिथला लेखक एकाच ग्रीक शब्दाच्या दोन्ही अर्थांवर मुद्दा उभा करतो. मराठीत एका वाक्यात करार येतो आणि लगेच पुढच्यात मृत्युपत्र. वाचणारा गोंधळतो. मी मात्र गोंधळलो नाही, कारण हे दोन्ही कागद मी रोज लिहितो. करारावर दोघांच्या सह्या लागतात. मृत्युपत्रावर लिहून देणाऱ्याची सही आणि साक्षीदार पुरतात, घेणाऱ्याची सही लागत नाही. आणि देणारा जाईपर्यंत त्याचा अंमल नाही. त्या लेखकाला येशूच्या मरणाबद्दल नेमके हेच म्हणायचे आहे.

पण जुन्या करारातल्या एका पुस्तकाने मला जास्त धरून ठेवले. त्याचे मराठी नाव ‘अनुवाद’. भाषांतर या अर्थाने नव्हे, तर सांगितलेले पुन्हा सांगणे या जुन्या संस्कृत अर्थाने; मोशे तिथे नियमशास्त्र पुन्हा सांगतो. त्याच्या १५ व्या अध्यायात इब्री गड्याविषयी कलम आहे. सहा वर्षे राबल्यावर सातव्या वर्षी त्याला मोकळे करायचे आणि रिकाम्या हाताने धाडायचे नाही. कळपातले, खळ्यातले, द्राक्षकुंडातले द्यायचे. कारणही दिले आहे : तुम्हीही मिसरात दास होता.

आमच्याकडे पाडव्याला साल धरतात. गडी उचल घेतो, वर्षभर राबतो, लग्न-दुखण्यासाठी पुन्हा उचल घेतो आणि पुढचे साल आपोआप त्याच मालकाकडे. करार बहुधा तोंडी. कागद झालाच तर अंगठा त्याचा आणि अक्षर दुसऱ्याचे. ते अक्षर कित्येकदा माझे असते.

१९ व्या शतकात जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे गाव वसवले. तिथे आलेले बरेचसे लोक मांग समाजातले. गावगाड्यात ज्यांना कोणी करारातला पक्ष मानले नव्हते, त्यांच्या कानी हा शब्द पडला तेव्हा त्यांना काय वाटले असेल? मिशनची कागदपत्रे मिशनऱ्यांनी लिहिलेली. ऐकणाऱ्यांचा जबाब त्यांत शोधावा लागतो.

यिर्मया या पुस्तकात तर या कलमाचा खटलाच आहे. यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा पडला, तेव्हा राजा सिद्कीया आणि धनवंतांनी वासराचे दोन तुकडे करून, त्यांमधून चालून करार केला आणि दासदासी मोकळे केले. धोका टळल्यासारखा वाटला तेव्हा त्यांनाच पुन्हा धरून आणले. यिर्मयाने त्यांना बजावले : आता तुमचेही त्या वासरासारखे होईल. हा ३४ वा अध्याय. ‘नवा करार’ हे नाव ज्यातून आले ती कल्पना याच पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या सालगड्याचा वारसाचा अर्ज लिहिताना वीज गेली. प्रिंटर बंद. बसल्या बसल्या त्याला मी ही हकीकत सांगितली. तो सगळे ऐकून घेत होता. मग म्हणाला, “मंग सायेब, धरून आणलं तवा त्यायची उचल फिटली व्हती का न्हाई?”

मी घरी जाऊन तो अध्याय पुन्हा वाचला. त्यात उचलीचा उल्लेख नाही.