डोक्याला मुका मार : सीटी स्कॅन नॉर्मल, तरी डोकं का दुखते?

वर्धा : दुचाकी घसरते, कोणी बैलबंडीवरून पडते, कोणी ट्रॉलीवरून. रक्त निघत नाही, सीटी स्कॅन नॉर्मल येतो, घरचे म्हणतात ‘काही नाही झालं’. पण महिना उलटला तरी डोकं दुखूनच राहते. हे ढोंग नाही. स्कॅनमध्ये हाड मोडलेलं किंवा रक्तस्राव दिसतो, मेंदूच्या कामातला बिघाड दिसत नाही. मार लागल्यापासून साधारण ७ दिवसांत सुरू झालेली ही आघातानंतरची डोकेदुखी. ३ महिन्यांच्या पुढे गेली की जुनाट समजतात. सोबत चक्कर, झोप न लागणे, चिडचिड, उजेड सहन न होणे.

मार लागल्यावर वारंवार उलट्या, झटके, शुद्ध हरपणे, बोबडं बोलणे, एक बाहुली मोठी दिसणे, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणे, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर साधा मार असला तरी दाखवा.

मेडिकलमधून रोज गोळी आणणं हे आपल्याकडचं मोठं दुखणं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असं ३ महिन्यांवर चाललं, तर त्या गोळीनेच डोकं दुखायला लागते.

गोळीशिवाय दोन वाटा आहेत. पहिली टीएमएस. डोक्यावर बाहेरून कॉइल धरून चुंबकीय लहरी देतात, भूल लागत नाही. हा ‘शॉक’ नव्हे. मोठ्या शहरांत डिप्रेशनसाठी तो वापरतात, डोकेदुखीसाठीचे प्रयोग अजून लहान आहेत. मिरगी असलेल्यांना किंवा डोक्यात धातू बसवलेल्यांना सहसा देत नाहीत. दुसरी सीबीटी, म्हणजे समुपदेशकाकडून ताण, झोप आणि दुखण्याची भीती हाताळायला शिकणं. अमेरिकेत माजी सैनिकांवरच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिने डोकेदुखीमुळे अडणारी कामं कमी अडली.

सीबीटी व्हिडिओ कॉलवर होऊ शकते, म्हणून दोन्ही जोडून देण्याचा विचार पुढे आला. मेंदूची दुखण्याची संवेदनशीलता लहरींनी कमी करायची आणि सवयी घरबसल्या बदलायच्या. आष्टी-कारंजाच्या माणसाला दर आठवड्याला वर्ध्याचं एसटी भाडं आणि एक मजुरी वाचणं काही कमी नाही. पण हा अजून संशोधनाचा विषय आहे, ठरलेला उपचार नाही. ऑनलाइन मिळणारी करंटची यंत्रं मागवून डोक्याला लावू नका.

आज हाताशी काय आहे? सरकारी ई-संजीवनीवर डॉक्टरांचा मोफत सल्ला मिळतो. मन खचलं असेल तर टेली-मानस १४४१६, तेही मोफत. प्रत्यक्ष दाखवायला सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. जाताना जुने कागद, सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि कोणत्या दिवशी किती दुखलं, किती गोळ्या घेतल्या याची वही सोबत न्या.