डोईवरचा गुंड उतरला, पान्हा कुणाच्या हातात?



आज नळाबद्दल बोलायचं आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यात आता बऱ्याच घरांच्या अंगणात तोटी आली. आजीच्या डोक्यावर दोन गुंड होते, आईच्या हातात बोरिंगचा दांडा होता, आपल्या हातात तोटी आहे. तीन पिढ्यांत पाणी घरापर्यंत आलं, ही मोठी गोष्ट आहे. पण या प्रवासात पाणी जसजसं जवळ आलं, तसतसा ते दुरुस्त करणारा माणूस लांब गेला. आजची गोष्ट त्याचीच आहे.

सुरुवात तलावापासून करू. आपला भाग तलावांचा. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. लोकांनी त्यांना कोलासूर देव म्हणून पुजलं. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने असे कितीतरी तलाव आणि बोड्या बांधल्या. तलाव धानासाठी होता, पण त्याचं पाणी जमिनीत मुरायचं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना झरे टिकायचे. म्हणजे घरातला माठही तलावच भरत होता.

या तलावांची देखरेख गावातच व्हायची. पावसाआधी पाळ बघायची, खचली तर माती टाकायची, गाळ काढून शेतात न्यायचा, पाणी पाळीने वाटायचं, ही कामं कुणी करायची ते ठरलेलं असे. मालगुजाराचा वचक होता, अन्यायही होता. पण बिघाड झाला तर दुरुस्त करणारा गावातच सापडायचा.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. मालगुजारी गेली ते बरंच झालं. पण तलाव सरकारी झाले आणि पाळ बघायची कुणी, हा प्रश्न अधांतरी राहिला. ‘माजी मालगुजारी’चं लोकांनी ‘मामा तलाव’ केलं. नाव गोड, पण मामाच्या घरची विचारपूस कमी होत गेली. गाळ साचला, पाळी खचल्या.

जुन्या काळाचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. विहीर गावात होती म्हणजे ती सगळ्यांची होती असं नाही. कितीतरी बायांना काठाशी उभं राहून कुणीतरी वरून पाणी ओतायची वाट बघावी लागत होती. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने घेतलं. पाण्याचं अंतर नुसतं पावलांनी मोजायचं नसतं. स्वतःच्या अंगणातल्या तोटीला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून ती तोटी चालू राहणं महत्त्वाचं.

मग आली बोरिंग, म्हणजे हातपंप. साठ-सत्तरच्या दशकांत दुष्काळ पडले. १९७२ चा महाराष्ट्राचा दुष्काळ आपल्या सासवांना आठवत असेल. यंत्राने खोल भोकं पाडून गावोगाव हातपंप बसले. पण हे ओतीव लोखंडाचे पंप परदेशातल्या शेतघरांच्या पंपांची नक्कल होते. तिथे एक कुटुंब दिवसातून थोडंसं पाणी काढायचं. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खी वस्ती दांडा हाणायची. पंप मोडले. १९७४ च्या पाहणीत चारातले जवळपास तीन पंप बंद सापडले. खर्च झाला, पाणी लागलं, आणि बायका पुन्हा गुंड घेऊन विहिरीकडे.

यातून वाट निघाली ती आपल्या महाराष्ट्रातूनच. जालना आणि सोलापूर इथे स्वयंसेवी कामातून पोलादाचे दणकट पंप तयार झाले. सोलापूरच्या पंपात दांड्याला साखळी होती. त्याच घडणीवरून, युनिसेफच्या मदतीने, सत्तरच्या दशकाच्या शेवटी ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप आला. आपल्या शाळेजवळ, देवळाजवळ उभा असतो तोच. पुढे तो कितीतरी देशांत गेला.

पंप दणकट झाला, पण दुरुस्ती अवघडच राहिली. आतला वायसर झिजला की सगळे लोखंडी पाइप वर ओढावे लागत. त्याला चार-पाच धडधाकट माणसं आणि तालुक्याची गाडी लागायची. गाडी येईपर्यंत हाल बायांचे. म्हणून ऐंशीच्या दशकात कोइमतूरकडे चाचण्या घेऊन ‘मार्क तीन’ काढला. त्यात पाइप रुंद केला, म्हणजे पाइप न काढता आतला भाग वर ओढता येतो. हे काम गावातल्या बाईला जमेल, हाही विचार त्यामागे होता.

आणि बायांनी ते करूनही दाखवलं. १९९० च्या सुमारास उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमात बायांना हातपंप दुरुस्ती शिकवली. त्यातल्या अनेक दलित आणि आदिवासी होत्या, कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी पान्हे उचलले. ज्यांना कधी विहिरीला हात लावू दिला नव्हता, त्यांच्याच हातात गावाचा पंप आला.

आता आपल्या नळाकडे येऊ. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं. प्रत्येक घरी नळ, माणशी रोज ५५ लिटर. पण योजना कागदावर एकसारखी असते, घरं एकसारखी नसतात. आपली जुनी घरं मातीच्या भिंतींची, कवेलूंची. लडाखसारख्या थंड मुलखात पाइपातल्या पाण्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि पाइप फाटतो. म्हणून तिथले कारागीर पाइप जमिनीत खोल पुरतात, त्याला उबदार वेष्टन घालतात. ते आपल्या थंडीला ओळखून काम करतात. आपल्याकडे हिवाळ्यात पारा दहाच्या खाली जातो, पण बर्फ होत नाही. आपला शत्रू वेगळा आहे: ठिबकणारा सांधा आणि मातीची भिंत. सांध्यातून थेंब थेंब पाणी भिंतीच्या पायात उतरतं, माती मऊ होते, वाळवी लागते, आणि एका पावसाळ्यात भिंत फुगते.

म्हणून जुन्या घरात नळ घेताना काही गोष्टी बघा. तोटी मातीच्या भिंतीला टांगू नका, अंगणात वेगळा छोटा सिमेंटचा खांब करून त्यावर बसवा. पाइप भिंतीतून न्यावाच लागला, तर आधी थोड्या मोठ्या पाइपचा तुकडा भिंतीत बसवा आणि त्यातून न्या. गळती लगेच दिसते आणि भिंत न फोडता पाइप काढता येतो. उघड्यावरचा प्लास्टिकचा पाइप उन्हाने कडक होतो, तो झाकून घ्या. थंडीत सांध्याचं सोल्यूशन उशिरा सुकतं, म्हणून जोडल्याबरोबर पाणी सोडू नका. सांडपाण्याला शोषखड्डा हवाच.

आता मुद्द्याची गोष्ट. गावात तोटी बिघडली तर बहुतेक वेळा बिघाड काही रुपयांच्या वायसरचा असतो. पण फिटर तालुक्याला. तो एका घरासाठी येत नाही, आला तर गाडीभाडं वायसरच्या कितीतरी पट. मग तोटीला चिंधी बांधली जाते आणि काही दिवसांनी बाई पुन्हा बोरिंगवर दिसते. मामा तलावाचं झालं, पहिल्या हातपंपांचं झालं, तेच नळाचं व्हायला वेळ लागत नाही.

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा बायांच्या असतात. ‘नल जल मित्र’ प्रशिक्षणात नळजोडणी, पंप आणि विजेचं काम शिकवतात. आपले गट शेळीला, शिवणयंत्राला कर्ज देतात. मग पान्ह्यांच्या पेटीला का नको? दोन पान्हे, पाइप कापायची करवत, वायसर, टेप आणि सोल्यूशन एवढ्यावर सुरुवात होते. ग्रामसंघाने दर ठरवायचा, दुरुस्ती करणारीला मजुरी द्यायची. ही सेवा फुकट करायची नाही. फुकट कामाची आपल्याला सवय फार झाली आहे.

पुढच्या बैठकीत तीन प्रश्न वहीत लिहून घ्या. आपल्या गावात आज किती तोट्या बंद आहेत? त्या दुरुस्त कोण करतं आणि किती दिवसांनी? आपल्यापैकी हे काम शिकायला कोण तयार आहे? तिसऱ्या प्रश्नापुढे एक तरी नाव आलं, तर ग्रामपंचायतीला तसं पत्र द्या, आणि पत्राची पोच घ्यायला विसरू नका.