मद्यार्काचे ज्वलन : एका वादाचा इतिहास

'दारू पचविणे' हा आपल्या भाषेतील प्रयोग शरीरशास्त्राला मान्य होणारा नाही. पचनात अन्नाचे घटक सुटे होतात. मद्यार्क मात्र जठरातून, व मुख्यत्वे लहान आतड्यातून, जसाच्या तसा रक्तात शिरतो. पुढे त्याचे काय होते, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद माजला.

मद्यार्क शरीरात जळतो व उष्णता देतो, असे जर्मन रसायनज्ञ लीबिग याचे मत होते. १८६० मध्ये लालेमां, पेरँ व द्युरॉय या फ्रेंच संशोधकांनी त्याच्या उलट प्रतिपादन केले. श्वासात व मूत्रात मद्यार्क सापडतो. अर्थात् तो न बदलताच बाहेर पडतो, असा त्यांचा निष्कर्ष. मद्यपानविरोधकांना तो सोयीचा वाटला, यात नवल नाही. बाहेर पडणारा अंश अत्यल्प असतो, हा लंडनच्या ॲन्स्टीचा आक्षेप मात्र मोजमापाचा होता. अखेर अमेरिकेत मिडलटाउन येथे ॲटवॉटरने माणसाला बंद उष्णतामापक कोठडीत दिवसचे दिवस ठेवून प्रयोग केले. १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व बेनेडिक्टच्या प्रबंधानुसार दिलेल्या मद्यार्काचा ९८ टक्क्यांहून अधिक भाग शरीरात जळतो. यावरून ॲटवॉटरवर पुष्कळ टीका झाली. पण तो वाद वस्तुतः 'अन्न' या शब्दाच्या अर्थाचा होता, आकड्यांचा नव्हे.

तथापि ॲटवॉटरने मद्यार्क दिवसभरात थोडाथोडा करून दिला होता. त्यामुळे ज्वलनाच्या वेगाचा प्रश्न झाकलेलाच राहिला. स्वीडनमधील लुंड येथील विडमार्कने १९२२ मध्ये रक्ताच्या काही थेंबांवरून मद्यार्क मोजण्याची रीत काढली. त्याच्या १९३२ च्या ग्रंथातील आलेख जवळजवळ सरळ रेषेत उतरतो. पेले दोन असोत वा सहा, प्रौढ माणसाचे शरीर तासाला साधारण सात ग्रॅमच मद्यार्क जाळते. चरबीप्रमाणे त्याचा साठाही करता येत नाही. उरलेला रक्तातच फिरत राहतो.

येथे एका शब्दाची व्युत्पत्ती लक्षणीय आहे. 'अल्डिहाइड' हे नाव लीबिगनेच १८३५ मध्ये लॅटिन शब्दांचा संक्षेप करून घडविले. त्याचा अर्थ 'हायड्रोजन काढून घेतलेला अल्कोहोल'. यकृतातील एंझाइम मद्यार्काचे नेमके हेच करते. घोड्याच्या यकृतातून ते स्फटिकरूपात वेगळे करण्यात बॉनिक्सेन व वासेन यांना १९४८ मध्ये यश आले. त्याच वर्षी कोपनहेगनच्या हाल्ड व याकोबसेन यांनी डायसल्फिराम या औषधाचा परिणाम प्रसिद्ध केला. हे औषध घेऊन मद्य प्यायल्यास अल्डिहाइड पुढे न जळता साचते, चेहरा लाल होतो, छाती धडधडते. चीन, जपान व कोरियातील अनेकांमध्ये अल्डिहाइड जाळणारे एंझाइम जन्मतःच दुर्बल असते. त्यांचा चेहरा पहिल्याच पेल्याने, औषधावाचून, लाल होतो.