शेअरची जन्मतारीख

तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं आयकराच्या भानगडीत कशाला पडावं, असं आजचा विषय पाहून काहींना वाटलं असेल. आम्हालाही तसंच वाटायचं. पण २०२४च्या जुलैमध्ये आमच्यावर वेळ आली आणि त्या निमित्तानं थोडं वाचन झालं.

आमचे थोरले बंधू २०२० साली गेले. नव्वदच्या दशकात त्यांनी घेतलेले काही शेअर वारसाहक्कानं आमच्या डीमॅट खात्यात आले. ते आम्ही विकले आणि विवरणपत्र भरायला बसलो. ब्रोकरनं वर्षाच्या व्यवहारांची फाइल दिली होती; ती सॉफ्टवेअरमध्ये चढवली की झालं, असं भाच्यानं सांगितलं. फाइल चढेचना. कारण काय, तर आकड्यांतले स्वल्पविराम! अशा फाइलीत स्वल्पविराम म्हणजे दोन रकान्यांमधली भिंत. आपण १,२५,००० लिहितो, यंत्राला ते तीन वेगळे आकडे वाटतात. ते सगळे काढले, फाइल चढली आणि कराचा आकडा पाहून आम्ही हादरलोच. बंधूंच्या शेअरांपुढे खरेदीची तारीख म्हणून ते आमच्या खात्यात आले तो दिवस, आणि खरेदीची किंमत शून्य. म्हणजे विक्रीतला रुपयान् रुपया नफा!

यंत्र बिघडलं असं म्हणून हे सोडून देता येत नाही. प्रश्न जुना आहे: वस्तू कितीला घेतली होती, हे कोणी लक्षात ठेवायचं?

भांडवली नफ्यावरचा कर आपल्याकडे प्रथम आला १९४७ साली, लियाकत अली खान यांच्या अर्थसंकल्पातून. १९४९मध्ये तो गेला, १९५६मध्ये परत आला. परत आणताना सरकारनं एक शहाणपणाची गोष्ट केली. लोकांकडे जुन्या खरेदीचे कागद असतीलच असं नाही, म्हणून १ जानेवारी १९५४ ही रेघ आखली. त्याआधी घेतलेल्या मालमत्तेची त्या दिवशीची वाजवी किंमत हीच खरेदीची किंमत धरायची मुभा दिली. पुढे ही रेघ सरकत गेली: १९६४, १९७४, १९८१, मग २००१. दर वेळी सरकार म्हणत होतं, याच्या मागचं विसरलात तरी चालेल. आयकर अधिकाऱ्यांना शिकवणारी संस्था १९५७पासून आपल्या नागपुरात, छिंदवाडा रोडवर आहे. तिथून जाताना आम्हाला हल्ली या रेघांची आठवण होते.

आता शेअरकडे या. कागदी प्रमाणपत्र होतं तोवर प्रत्येक शेअरला स्वतःचा क्रमांक असे. ‘हाच तो, जो आपण अमुक साली घेतला’ असं बोट ठेवून म्हणता येई. आमच्या शास्त्रात याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. १९९६च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअर डीमॅट झाले आणि क्रमांक गेले. खात्यात उरली फक्त संख्या. शंभरातले चाळीस विकले, तर कुठले चाळीस? या प्रश्नाला अर्थच उरला नाही. म्हणून कायद्यानं उत्तर ठरवून दिलं: खात्यात जे आधी आले, ते आधी गेले असं समजा. ओळखीची जागा रांगेनं घेतली. खाती बदलली, वारसाकडे गेली की शेअर पुढे जातात, पण त्यांची किंमत बरोबर जाईलच असं नाही.

त्यातच १ ऑक्टोबर २००४पासून रोखे व्यवहार कर आला आणि बाजारात विकलेल्या शेअरवरचा दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त झाला. कर नाही तर हिशेब कोण ठेवतो? साडेतेरा वर्षं माणसं निवांत विसरली. मग २०१८च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी हा कर परत आणला; लाखावरच्या नफ्यावर १० टक्के. इथंही रेघ आखली, ३१ जानेवारी २०१८ची. त्या दिवसाचा बाजारातला सर्वोच्च भाव आणि विक्रीचा भाव, यातला कमी तो घ्या. तो मूळ खरेदीशी ताडा. जो जास्त, ती खरेदीची किंमत. योजना न्याय्य आहे, हे आम्ही मान्य करतो. पण १९५४च्या रेघेशी माणूस कागद-पेन घेऊन झगडत होता, या रेघेशी फाइलीचा रकाना झगडतो. शेअर रेघेच्या अलीकडचा की पलीकडचा, हे रकान्यात सांगावं लागतं, आणि आमच्या फाइलीनं बंधूंचे शेअर बेधडक पलीकडे टाकले होते.

एक गंमत सांगतो. ‘आयसिन’ म्हणजे रोख्याचा बारा अक्षरी संकेतांक. रेघेनंतर घेतलेले शेअर एकत्र दाखवता येतात, पण रकाना रिकामा चालत नाही. म्हणून तिथं इंग्रजीत ‘आयएन नॉट रिक्वायर्ड’ हे शब्द सलग जोडून लिहायचे असतात. अक्षरं होतात तेरा! मग शेवटून दुसरा ‘ई’ गाळून बारा केली. ज्याची गरज नाही असं स्वतःच सांगणारा संकेतांक, तोही मापात बसवलेला. नैयायिकांना यावर एक ग्रंथ लिहिता आला असता.

असो. उपाय काय केला? वारशानं आलेल्या शेअरला मूळ मालकाची तारीख आणि किंमत लागू होते. तेव्हा तारखा हातानं बदलल्या. मग शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून ३१ जानेवारी २०१८ची भावकॉपी काढली. पहिल्यांदा आम्ही बंद भाव भरला. धंतोलीतल्या सीएनं सांगितलं, सर, सर्वोच्च भाव घ्या, उगाच जास्त कर भरताय. एका कंपनीनं मधल्या काळात एका शेअरचे पाच केले होते, तिथं तो भाव पाचानं भागावा लागला. सॉफ्टवेअरनं यातलं काहीच सुचवलं नव्हतं.

मूळ किमतीचा रकाना मात्र रिकामाच होता. वहिनींनी माळ्यावरची ट्रंक उघडली. तीत बंधूंची १९९४ची डायरी निघाली: कंपनीचं नाव, संख्या, भाव, दलाली, सगळं निळ्या शाईत. ते आकडे आम्ही रकान्यात भरले. २०१८चा भाव त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त होता, त्यामुळे कराच्या हिशेबात त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, झालं असेल तर डायरी इकडे द्या.